तज्ज्ञ साक्षीदार: विचारलं तेवढंच सांगायचं का?

पानदेठ

नमस्कार मंडळी. मी कृषी विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झालो, सध्या मुक्काम विश्रामबाग, सांगली. बरीच वर्षं द्राक्षात घालवली, त्यामुळे अजूनही बागायतदार फोन करतात, फोटो पाठवतात. इथवर ठीक होतं. आता प्रकरण कोर्टाच्या दारात गेलंय.

तासगाव भागातल्या एका बागेत फवारणीनंतर पानांच्या कडा जळाल्या आणि मण्यांवर काळपट डाग आले. माल बेदाण्याला घालायच्याही लायकीचा राहिला नाही. बागायतदाराने औषध कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. त्यांच्या वकिलांनी मला तज्ज्ञ म्हणून अहवाल मागितला. मी बाग पाहिली, फवारणीची वही पाहिली, विहिरीच्या पाण्याचा पीएच (आम्लता किती ते) घेतला.

माझं मत असं. कंपनीच्या औषधाने टाकीतलं पाणी बरंच आम्ल होतं. त्याच टाकीत ताम्रयुक्त बुरशीनाशक होतं. आम्ल पाण्यात तांबं जास्त विरघळतं आणि कोवळ्या मण्याला, पानाला इजा करतं. औषधासोबतच्या माहितीपत्रकात ‘ताम्रयुक्त औषधात मिसळू नये’ अशी ओळ कुठेही नाही, हा कंपनीचा सरळ दोष आहे. पण दोन्ही एका टाकीत घालायचं ठरवलं बागायतदाराने, दुकानदाराच्या सांगण्यावरून. अहवालात दोन्ही लिहिलं.

वकिलांचा फोन आला: "सर, अहवाल उत्तम. फक्त टाकीतल्या मिश्रणाचा परिच्छेद काढा. खोटं लिहा म्हणत नाही मी. समोरच्याने विचारलं तर खुशाल सांगा."

खोटं बोलायला कुणी सांगत नाहीये, हे खरं. तरी हात अडखळला. परिच्छेद काढून सही केली तर ते खोटं ठरतं का? आणि नाही म्हटलं तर त्या माणसाला दुसरा तज्ज्ञ मिळणार आहे का? कंपनीचे लोक अडखळत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

भडंगप्रेमी

मी पहिला. सर, निवृत्तीनंतर सकाळी आमराईत फिरायचं, संध्याकाळी भडंग खायचं. कोर्ट कशाला?

उलटतपास

सातारा कोर्टात वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचं सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ४५ आता कलम ३९ झालंय. तज्ज्ञाचं मत कोर्टासमोर येऊ शकतं, कोर्टावर ते बंधनकारक नसतं. ग्राहक आयोगात पुरावा कायदा काटेकोर लागत नाही, पण विचार त्याच धर्तीवर होतो.

आता तुमचा प्रश्न. आपली पद्धत दोन बाजूंच्या लढतीची आहे. माझ्या अशिलाचं म्हणणं मी मांडायचं, त्यातली भोकं समोरच्याने शोधायची. कंपनीच्या वकिलाला फी त्यासाठीच मिळते. तुमच्या वकिलांनी गैर काही सांगितलेलं नाही. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, पिंजऱ्यात उभा राहून व्याख्यान देत नाही.

कासची_कारवी

@उलटतपास, शपथ काय असते हो? ‘खरे सांगेन, पूर्ण सत्य सांगेन, सत्याखेरीज काही सांगणार नाही.’ त्यातलं मधलं कलम तुमच्या साताऱ्यात वगळतात का?

उलटतपास

ताई, शपथ सगळेच घेतात. पूर्ण सत्य सांगायला लागले तर बोर्डावरचं एक प्रकरण संपायला पावसाळा जाईल. (हलके घ्या.)

व्हिसेरा

मिरजेत डॉक्टरकी करतो, पूर्वी सरकारी सेवेत शवविच्छेदनं भरपूर केली. पिंजऱ्यात उभं राहणं काय असतं ते सांगतो, कारण ‘विचारलं तेवढंच’ हे वकिलांना जितकं सोपं वाटतं तितकं ते नसतं.

समन्स येतं तेव्हा प्रकरणाला कित्येक वर्षं झालेली असतात. बदली झालेली असते. तारखेला जावं तर पुढची तारीख मिळते. शेवटी कधीतरी सरतपास होतो, म्हणजे ज्यांनी बोलावलं त्यांच्याच वकिलाचे प्रश्न, तो सरळ असतो. मग बचाव पक्षाचे वकील उठतात आणि ठरलेला प्रश्न येतो: "डॉक्टर, अशी जखम दगडावर पडल्याने होऊ शकते, हे म्हणणे खरे आहे काय?" आता विज्ञानात ‘होऊ शकत नाही’ असं छातीठोक क्वचितच म्हणता येतं. प्रामाणिक माणूस ‘होऊ शकते’ म्हणतो आणि पुढे सांगायला लागतो की पण या देहावर डोक्याच्या दोन बाजूंना दोन जखमा आहेत, एकदा पडून त्या होणार नाहीत. तोवर टंकलेखकाने ‘होऊ शकते, हे म्हणणे खरे आहे’ एवढं टाइप केलेलं असतं आणि वकील पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात.

यावर उपाय एकच. न्यायाधीशांकडे वळून म्हणायचं, "साहेब, माझं उत्तर अर्धं नोंदलं गेलंय, खुलासा घ्यावा." बहुतेक न्यायाधीश घेतात. सही करण्याआधी जबानी शब्दन् शब्द वाचायची. नवे डॉक्टर हे करत नाहीत, घाईत सही ठोकून एसटी पकडतात.

म्हणून पानदेठ सर, जे सांगायचंय ते अहवालातच लिहा. तिथे तुमचे शब्द तुमचे राहतात. पिंजऱ्यात प्रश्न दुसऱ्याचे असतात.

कासची_कारवी

@व्हिसेरा, उत्तम प्रतिसाद. पण डॉक्टर डॉक्टरविरुद्ध साक्ष देत नाहीत, त्याचं काय? माझ्या नात्यातल्या एका प्रकरणात कागद बघून चार डॉक्टरांनी खासगीत ‘चूकच आहे’ म्हटलं. लिहून द्यायला एकही तयार झाला नाही.

व्हिसेरा

खरं आहे, आणि त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा चालवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्या. हेतू चांगला, डॉक्टरांना ऊठसूट अटक होऊ नये. पण मत देणारा त्याच संमेलनात जेवणारा, त्याच गावात रुग्ण पाठवणारा. मत ‘स्वतंत्र’ कसं राहायचं?

यादृच्छिक

संख्याशास्त्र शिकवतो. या विषयावर एक प्रकरण कुणी टाळू शकत नाही.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क. स्वतः सॉलिसिटर, म्हणजे वकील. १९९६ आणि १९९८ मध्ये त्यांची दोन तान्ही मुलं पाठोपाठ दगावली. दोन्ही खून त्यांनीच केले असा खटला झाला. सर रॉय मेडो हे नामांकित बालरोगतज्ज्ञ साक्षीला आले. त्यांनी सांगितलं की अशा सुस्थितीतल्या घरात झोपेत अचानक बाळ दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळं दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. ८५४३ ला ८५४३ ने गुणलं, झालं. १९९९ मध्ये जन्मठेप.

गुणाकार बरोबर आहे, करण्याचा हक्कच नव्हता. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन मुलं. पहिल्याच्या मृत्यूमागे आनुवंशिक कारण असेल तर ते दुसऱ्यालाही लागू असणार. दोन घटना स्वतंत्र नसतील तर असं गुणता येत नाही, हे आमची बारावीची पोरं सांगतील. शिवाय ‘निर्दोष असेल तर असं घडणं दुर्मीळ’ म्हणजे ‘निर्दोष असणं दुर्मीळ’ नव्हे. एकाच आईने दोन तान्ह्या बाळांचा खून करणं हेही फार दुर्मीळ, तुलना त्या दोघांची करायला हवी होती. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून हे सांगितलं.

पण पानदेठ सरांसाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः दुसऱ्याच तज्ज्ञामुळे. शवविच्छेदन करणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाकडे दुसऱ्या बाळाच्या नमुन्यांत जिवाणूसंसर्ग दाखवणारे चाचणी अहवाल होते. ते त्याने पुढे केलेच नाहीत. आकड्यावर जगभर लेख निघाले. त्या न दाखवलेल्या कागदाची आठवण मात्र कमी लोकांना आहे. सॅली क्लार्क सुटल्या आणि २००७ मध्ये वारल्या.

म्हणजे एकजण आपल्या विषयाबाहेर बोलला आणि दुसरा आपल्याच विषयातलं बोलला नाही. मला दुसरा जास्त भयंकर वाटतो. आकडा चुकीचा असेल तर कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन पकडू शकतं. जो कागद समोर आलाच नाही तो कोण पकडणार?

उलटतपास

@यादृच्छिक, प्रकरण माहीत आहे, मांडणी छान. एक पुरवणी. मेडोंचं नाव तिथल्या वैद्यकीय परिषदेने २००५ मध्ये नोंदवहीतून काढलं आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. चुकणं आणि गैरवर्तन करणं यात फरक धरावाच लागतो, नाहीतर साक्षीला कोणी येणार नाही.

आणि तो फौजदारी खटला होता, सरकार पक्षाच्या तज्ज्ञाने कागद दाबला. इथे ग्राहक तक्रार आहे. शेतकरी म्हणजे सरकार नव्हे.

मणीफुगवण

आता माझं ऐका. मी बागायतदार, कवठेमहांकाळ साइड. इथं सगळे शिकलेले लोक सरांना ‘पूर्ण सत्य सांगा, पूर्ण सत्य सांगा’ म्हणायला लागलेत. कंपनीकडं पीएचडी झालेले दहा-दहा माणसं पगारावर असतात. त्यांच्यातला एक तरी आयोगात येऊन म्हणतो का, की साहेब, आमच्या लेबलवर ओळ टाकायची राहिली? ते म्हणत्यात शेतकऱ्यानं डोस चुकवला, पाणी खारट होतं, वातावरण खराब होतं, सरतेशेवटी नशीब खराब होतं.

आमच्याकडं एकदा बियाणं उगवलं नाही. तालुका समिती बघायला आली तवर रान नांगरून दुसरं पीक घ्यायची येळ झालेली. विद्यापीठाचे साहेब आले, ‘उगवण कमी होण्यास अनेक कारणे संभवतात’ असं लिहून गेले. एवढंच. ते वाक्य खोटं न्हाई. पण त्या वाक्यावर कंपनी सुटली.

सर, तुम्ही दोन्ही बाजू लिहाल. कंपनीचा तज्ज्ञ एकच लिहील. मग तराजूत काय राहतं, एक बाजू अन् अर्धी बाजू. तुमच्या तटस्थपणाचं बिल आमच्या नावावर फाडू नका.

हळदबाजार

मणीफुगवण दादा, लाख बोललात. पण दुकानदाराचंही ऐका. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. तक्रार झाली की कंपनीबरोबर आमचंही नाव लागतं. आम्ही सीलबंद बाटली विकतो, आत काय आहे ते आम्हाला तरी कुठं दिसतं?

(सरांच्या प्रकरणात दुकानदाराने मिश्रण सांगितलं असेल तर चूक आहे. आम्ही सांगत नाही. बहुतेक.)

भडंगप्रेमी

‘बहुतेक’ हा शब्द जबानीत नोंदवून घ्या!

पानदेठ

@मणीफुगवण, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. ‘अनेक कारणे संभवतात’ हे वाक्य आमच्या खात्यात शिक्क्यासारखं वापरतात आणि ते प्रामाणिक नाही, हे मान्य. अनेक कारणं असतील तर कोणती तपासली, कोणती निकालात काढली आणि उरलेल्यांत कोणतं जास्त संभवतं, हे लिहिणं तज्ज्ञाचं काम. ते न लिहिणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

पण माझ्या प्रकरणात मी दोन्ही कारणं तपासलीत. मिश्रण झालंय हे वहीत लिहिलेलं आहे. मला माहीत असलेलं मी माहीत नसल्यासारखं कसं करू?

आयर्विन_पूल

पाटबंधारे खात्यात होतो. तज्ज्ञ आणि आपली बाजू म्हटलं की कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आठवणारच.

कृष्णा पाणीतंटा लवाद, दुसरा, न्या. ब्रिजेशकुमार यांचा. कर्नाटकाला अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची होती. महाराष्ट्र म्हणत होता की फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, सांगली-कोल्हापूरपर्यंत येईल. नदी तीच, पाणी तेच. दोन राज्यांच्या मांडणीत फुगवटा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी संपायचा. २०१० च्या निर्णयात लवादाने उंचीला मान्यता दिली.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. राज्य सरकारने वडनेरे समिती नेमली. तिने महापुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, नदीपात्रातली अतिक्रमणं आणि थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस यांकडे बोट दाखवलं. सांगलीत त्या अहवालाला काय काय म्हटलं गेलं ते इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्याच लोकांना नको असलेलं लिहायचं म्हणजे काय ते तेव्हा पाहिलं.

भडंगप्रेमी

झालं. अलमट्टी आली म्हणजे धाग्याचं काश्मीर झालं.

येरळाकाठ

वडनेरे समितीचं म्हणणं चूक होतं. हिप्परगी बंधाऱ्याचं काय? आमच्या गावात पाणी उतरायला

येरळाकाठ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे). वरचा अर्धाच गेला. वेगळा धागा काढतो.

नमुना_क्रमांक_दोन

न्यायसहायक प्रयोगशाळेत नोकरी केली. इथे सगळे पिंजऱ्यातल्या तज्ज्ञाबद्दल बोलताय. आमच्यासारखे बहुतेक जण पिंजऱ्यात जातच नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

फौजदारी कायद्यात जुनं कलम २९३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९. रासायनिक विश्लेषक, प्रयोगशाळेचे संचालक, अगदी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकसुद्धा, अशा ठराविक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल साक्ष न घेताही पुरावा म्हणून वाचता येतो. कोर्टाला वाटलं तर बोलावतं. सोय म्हणून हे ठीक, नाहीतर एकेक विश्लेषक राज्यभर तारखा करत फिरला असता. परिणाम मात्र असा की सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणजे देवाचा कौल. ‘विष आढळले नाही’ एवढी ओळ. नमुना किती दिवस पडून होता, कसा आला, कोणत्या पद्धतीने तपासला, त्या पद्धतीत किती कमी प्रमाण पकडता येतं, हे त्या एका ओळीत नसतं आणि विचारायलाही कुणी येत नाही.

आता सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक पथकाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होतंय. काम वाढणार. कोऱ्या ओळीही वाढणार, ही माझी भीती.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या अमली पदार्थ प्रयोगशाळेत अ‍ॅनी डूखन नावाची विश्लेषक न तपासताच नमुने ‘पॉझिटिव्ह’ लिहायची. २०१७ मध्ये तिथे २१ हजारांहून जास्त प्रकरणं रद्द करावी लागली. ती तर सगळ्यांत जलद काम करणारी म्हणून नावाजलेली होती. साहेब लोकांना निकाली काढलेल्या नमुन्यांचा आकडा आवडतो, सगळीकडेच.

कासची_कारवी

पुण्याचं प्रकरण कुणी काढलं नाही अजून. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनात दोषी धरलं, त्यात मेंदूच्या विद्युत-आलेखावरून ‘अनुभवाची स्मृती’ ओळखणाऱ्या चाचणीला वजन दिलं होतं. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मेंदू व मनोरोग संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही तपासणी पुरावा म्हणून वापरण्याजोगी शास्त्रीय नाही असं म्हटलं. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला मनाई केली.

तिथे कुणी लाच घेतली होती असं नाही. तंत्रावर विश्वास ठेवणारे लोक होते. विकत घेतलेला तज्ज्ञ ओळखता तरी येतो. स्वतःच्या यंत्राच्या प्रेमात पडलेला कसा ओळखायचा?

यादृच्छिक

+१. त्याला एकच विचारायचं: "तुमची पद्धत किती वेळा चुकते?" आकडा सांगता आला नाही तर ते मत झालं, मोजमाप नव्हे.

उलटतपास

चांगल्या ठिकाणी आलात. सफरचंदाचं एक प्रकरण आहे, बागायतदारांनी जरूर ऐकावं. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जय लाल, सर्वोच्च न्यायालय, १९९९. रोगट सफरचंदं सरकार विकत घेणार होतं. काहींनी बागेत येऊ शकणाऱ्या मालापेक्षा जास्त माल दाखवून पैसे उचलले असा आरोप. पुरावा काय? उद्यानविद्या अधिकाऱ्याने बागा पाहून सांगितलेला उत्पादनाचा अंदाज. न्यायालय म्हणालं, नुसत्या हुद्द्याने तज्ज्ञ होता येत नाही. त्या विशिष्ट विषयाचा खास अभ्यास किंवा अनुभव दाखवा. नुसता निष्कर्ष नको, ज्यावर तो उभा आहे ती माहिती आणि निकष कोर्टापुढे ठेवा, म्हणजे कोर्टाला स्वतः पारखता येईल. सरकार हरलं.

आणि मणीफुगवण दादांसाठी: नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी, २०१२. कंपनी म्हणाली, शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणलाच नाही. न्यायालय म्हणालं, शेतकरी सगळं बियाणं पेरतो, तो तपासणीसाठी बाजूला कशाला काढून ठेवेल? म्हणजे आयोगापुढे शेतकरी अगदीच निःशस्त्र नाही.

आता माझी भूमिका थोडी सरकवतो. जय लालचा निकष लावला तर टाकीतलं मिश्रण वगळलेला अहवाल कच्चाच ठरतो, कारण निष्कर्षाचा आधारच त्यातून काढून घेतलाय. कंपनीचा वकील फवारणीची वही मागवणारच. उलटतपासात पहिला प्रश्न येईल: "ही नोंद तुम्ही पाहिली होती? मग अहवालात का नाही?" त्या क्षणी सर संपले, आणि लेबलच्या ओळीचा मुद्दाही त्यांच्याबरोबर संपला. दिसताना हे नीतीचं वाटतं, पण मी वकील म्हणून सांगतोय: तो परिच्छेद काढणं डावपेच म्हणूनही चूक आहे.

कासची_कारवी

आणि कंपनीच्या वकिलाने वही मागवलीच नसती तर?

उलटतपास

तर तुमचं म्हणणं आणि माझं म्हणणं वेगळं झालं असतं, ताई. तेवढं मान्य करतो. एक लक्षात घ्या: खोट्या पुराव्याच्या व्याख्येत आपल्याला जे मत पटत नाही ते ‘मला असे वाटते’ म्हणून सांगणंही येतं. आताच्या भारतीय न्याय संहितेत कलम २२७. ‘मत तर होतं’ म्हणून तज्ज्ञ सुटत नाही. पण वगळणं हे त्यात येतं का, यावर मी सरांना छातीठोक सल्ला देणार नाही.

व्हिसेरा

फीचं कुणी बोललं नाही.

उलटतपास

दिलेल्या वेळेची आणि कामाची फी घ्या, आधी लेखी ठरवा, उलटतपासात विचारली तर न लाजता सांगा. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असलं काही कोणी बोललं तर उठून या. निकालात वाटा असलेला माणूस साक्षीदार राहत नाही, भागीदार होतो.

मणीफुगवण

सरांनी फी घेतली न्हाई असं दिसतंय. ते जास्त धोक्याचं. फुकट आलेला माणूस मायेनं येतो, अन् माया पण बाजूच घेते.

यादृच्छिक

हा या धाग्यातला सर्वांत अचूक प्रतिसाद.

नमुना_क्रमांक_दोन

दिवाणी कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कोर्टच आयुक्त नेमू शकतं. ग्राहक आयोगही नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तज्ज्ञ कोर्टाचा असला तर ही ओढाताण निम्मी संपते. सहसा कोणी मागत का नाही?

मणीफुगवण

कारण तपासणीचा खर्च आधी तक्रारदारानं भरायचा असतो. बाग गेली, कर्ज डोक्यावर, वर अजून तपासणीची फी.

उलटतपास

बरोबर. आणि करपलेली पानं काही महिन्यांनी तपासायला राहतही नाहीत.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत ‘हॉट-टबिंग’ची सोय आहे. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकत्र बसवायचे, तेच प्रश्न दोघांना, एकमेकांसमोर उत्तरं. मूळ कल्पना ऑस्ट्रेलियात रुजली. दुसरा जाणकार शेजारी बसलेला असला की थापा मारणं अवघड जातं.

भडंगप्रेमी

सांगलीच्या एप्रिलात हॉट-टब? तज्ज्ञ दोन मिनिटांत तडजोड करतील.

पानदेठ

सगळ्यांचे आभार. काल वकिलांना भेटून आलो. म्हटलं, अहवाल घ्यायचा तर पूर्ण घ्या. त्यात मिश्रणाचा परिच्छेद राहील आणि त्याच्याच खाली, आजवर होता त्यापेक्षा ठळक, लेबलचा मुद्दा राहील: आम्लधर्मी औषध विकताना तांब्याबद्दल इशारा न देणं ही त्रुटी का आहे, द्राक्षात ताम्रयुक्त फवारणी इतकी सर्रास असताना कंपनीला हे मिश्रण होणार याची कल्पना असायलाच हवी होती, हे आधारांसह. मणीफुगवण म्हणतात तशी अर्धी बाजू होऊ नये म्हणून हा भाग पुन्हा लिहिला. दोन्ही कारणांत जास्त वजन कशाला, तेही लिहिलं.

वकील म्हणाले, विचार करून कळवतो. कदाचित दुसरा कुणी शोधतील.

कासची_कारवी

शोधला तर? तुमचा अहवाल त्यांच्या कपाटात राहील आणि आयोगापुढे दुसऱ्याचा, परिच्छेद नसलेला जाईल. तेव्हा तुम्ही गप्प बसणार?

पानदेठ

बागायतदाराने विश्वासाने वही दाखवली. कंपनीकडे जाऊन ती उघड करणार नाही. आयोगाने समन्स काढून बोलावलं तर सगळं सांगेन. याच्या मधल्या जागेत काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

उलटतपास

त्या मधल्या जागेत तुमचं कायदेशीर कर्तव्य काही नाही.

कासची_कारवी

कायदेशीर कर्तव्याचं मी विचारलंच नव्हतं.

मणीफुगवण

माझं मत थोडं बदललंय, ऱ्हाऊ दे आता. लेबलवाला मुद्दा सरांनी लिहिलाय तसा कंपनीला कुणी आजवर विचारला नव्हता, तो आयोगापुढं गेला पाहिजे. सर, त्या बागायतदाराला आमच्या संघाकडं पाठवा, तपासणीच्या फीचं आम्ही बघतो. अन् एक विनंती. आमच्यात पण बरेच जण तेच मिश्रण मारतात. कशात काय घालायचं न्हाई, याचा वेगळा धागा काढा.

पानदेठ

काढतो. तिथे यायच्या आधी आपापल्या विहिरीच्या पाण्याचा पीएच मोजून आणा, त्याशिवाय कुणालाही उत्तर देणार नाही.

हळदबाजार

पीएच पेपर आमच्या दुकानात मिळतील. सीलबंद.